पार्किंग ब्रेकचे शू: आधी शूची जुळणी, मग केबलचा ताण

हँडब्रेकची, म्हणजेच पार्किंग ब्रेकची, दांडी पूर्वीपेक्षा जास्त वर येऊ लागली की बहुतेक ठिकाणी एकच उपाय केला जातो: दांडीच्या बुडाशी असलेला नट आवळून केबल ताणून घेतली जाते. दांडी पुन्हा मोजक्या खाचांत घट्ट होते, काम झाल्यासारखे वाटते आणि काही महिन्यांनी गाडी पुन्हा उतारावर सरकू लागते. दांडी सैल होण्याचे मूळ पुष्कळदा केबलमध्ये नसून मागच्या चाकांत, शू (ब्रेकच्या कमानीसारख्या पट्ट्या) आणि ड्रम (चाकाबरोबर फिरणारी वाटी, जिच्या आतल्या भिंतीला शू टेकतात) यांच्यातील वाढलेल्या अंतरात असते. ते अंतर तसेच ठेवून केबल ताणली, तर चाकातील तरफ कायमची अर्धवट ओढलेली राहते आणि तिला पुढे सरकायला जागा कमी उरते. ज्या गाड्यांत शूची जुळणी आपोआप होण्याची सोय असते, तेथे ती सोयही निकामी होते, कारण तरफ पूर्णपणे मूळ जागी परतली तरच ती यंत्रणा पुढचा दात पकडू शकते. म्हणून खाली सांगितलेल्या सगळ्या कामाचा क्रम एकच आहे: आधी शू, नंतर केबल.

शू कोठे असतात आणि ते गाडी कशी धरून ठेवतात

पार्किंग ब्रेकची रचना सर्व गाड्यांत सारखी नसते. ज्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात, त्यांत पायाच्या ब्रेकचे शूच पार्किंग ब्रेकचेही काम करतात. पेडल दाबल्यावर त्यांना तेलाच्या दाबाने चालणारा व्हील सिलिंडर पसरवतो आणि दांडी ओढल्यावर केबलला जोडलेली तरफ पसरवते. ज्या गाड्यांना मागे डिस्क असते, त्यांपैकी काहींत कॅलिपरमध्येच (डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणाऱ्या भागात) स्क्रूची यंत्रणा किंवा छोटी मोटर बसवलेली असते. अशा गाडीत शू नसतातच, त्यामुळे पुढील मजकूर तिला लागू होत नाही. उरलेल्या डिस्कच्या गाड्यांत डिस्कचा मधला, हबवर बसणारा भाग वाटीसारखा खोलगट असतो, त्या भागाची आतली भिंत ड्रमचे काम करते आणि तिच्या आत दोन छोटे, केवळ पार्किंगसाठी असलेले शू बसवलेले असतात. आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे हे मागच्या चाकामागे बॅटरीचा उजेड टाकून पाहिल्यास कळते. केबल कॅलिपरवरच्या एखाद्या तरफेलाच जोडलेली असेल तर शू नाहीत. ती बॅकिंग प्लेटमधून, म्हणजे शू ज्यावर बसवलेले असतात त्या चाकामागच्या स्थिर पत्र्यातून, आत शिरत असेल तर आत शू आहेत.

दांडीपासून चाकापर्यंतचा मार्ग साधा आहे. दांडी एक केबल किंवा सळई ओढते, ती एका आडव्या पट्टीला जोडलेली असते आणि त्या पट्टीच्या दोन टोकांपासून दोन केबल दोन चाकांकडे जातात. या पट्टीमुळे दोन्ही चाकांना सारखा ओढा मिळतो. चाकाच्या आत केबल एका तरफेला खेचते, तरफ आधारपट्टीच्या मदतीने दोन्ही शूंना एकमेकांपासून दूर ढकलते आणि शूवरचे लायनर, म्हणजे घासून पकड देणारा थर, ड्रमच्या आतल्या भिंतीला टेकते. दांडी सोडली की परतीच्या स्प्रिंग शूंना आत खेचून घेतात.

एवढेसे शू अख्खी गाडी कशी धरतात, याचे उत्तर त्यांच्या मांडणीत आहे. डिस्कच्या आत बसणाऱ्या शूंच्या अनेक रचनांत वरची टोके एका पक्क्या खुंटीला टेकलेली असतात, तर खालची टोके दातेरी अ‍ॅडजस्टरने (फिरवून लांबी कमीजास्त करता येणाऱ्या स्क्रूने) एकमेकांना जोडलेली असतात आणि हा अ‍ॅडजस्टर कोठेही पक्का बांधलेला नसतो. गाडी सरकू पाहते तेव्हा ड्रम पहिल्या शूला आपल्याबरोबर किंचित फिरवतो, तो शू अ‍ॅडजस्टरमार्फत दुसऱ्या शूला रेटतो आणि दुसरा शू खुंटीवर अडून ड्रमवर अधिकच घट्ट दाबला जातो. गाडीचे स्वतःचे वजनच अशा रीतीने पकड वाढवते, आणि ते चढावर व उतारावर, दोन्ही दिशांना सारखेच घडते. मात्र हे सर्व घडण्यासाठी लायनर आधी ड्रमला टेकले पाहिजे. अंतर जास्त असले तर दांडीची सगळी ओढ ते अंतर भरून काढण्यातच संपते.

या ब्रेककडून अपेक्षा किती असते, तेही लक्षात घेण्यासारखे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच या प्रवासी गाड्यांच्या ब्रेकविषयक नियमानुसार पार्किंग ब्रेकने पूर्ण भरलेली गाडी २० टक्के चढावर वा उतारावर धरून ठेवली पाहिजे, आणि त्यासाठी हाताने लावावा लागणारा जोर ४०० न्यूटनपेक्षा, म्हणजे सुमारे ४० किलो वजनाच्या ओढीपेक्षा अधिक असता कामा नये. २० टक्के म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर २० मीटर उंची. हा बराच तीव्र उतार झाला. दोन्ही हातांनी दांडी उपसावी लागत असेल, तर गाडी सपाटीवर उभी राहते म्हणून समाधान मानण्यात अर्थ नाही.

झिजण्यापेक्षा गंजाने होणारे नुकसान

केवळ पार्किंगसाठी असलेले शू गाडी थांबलेली असतानाच वापरले जातात, त्यामुळे त्यांचे लायनर घासले जाण्याचे प्रसंग फारच थोडे येतात. दांडी ओढलेली विसरून गाडी चालवली नाही, तर ते कित्येक वर्षे टिकतात. पण नेमक्या याच कारणामुळे त्यांचा दुसरा घात होतो. पायाच्या ब्रेकची डिस्क दर वेळी घासून स्वच्छ होते, तर आतल्या ड्रमची भिंत घासलीच जात नाही; ओलाव्याने तिच्यावर गंजाचा थर चढतो आणि हा खरबरीत, सुटा थर लायनरची पकड कमी करतो. शूच्या लोखंडी पाठीवरही गंज चढतो. तो कडेने लायनरच्या खाली शिरला की चिकटवलेले लायनर हळूहळू उचलले जाते आणि एखाद्या दिवशी अख्खी पट्टी सुटून ड्रममध्ये अडकते. चाकातून अचानक खडखडाट येणे किंवा चाक एकाएकी अडखळणे यामागे पुष्कळदा हेच असते.

जे चालक सपाटीवर हँडब्रेक कधीच लावत नाहीत आणि गाडी नेहमी गिअरमध्ये किंवा ऑटोमॅटिकच्या ‘पी’ स्थितीत सोडून देतात, त्यांच्या गाडीतील शू वाचत नाहीत, उलट लवकर जाम होतात. न वापरलेल्या केबलच्या आवरणात पाणी साचून ती गंजते, तरफेचा सांधा धरतो आणि अ‍ॅडजस्टरचे आटे बसून जातात. माझ्या मते रोज दांडी ओढणे ही या यंत्रणेची सगळ्यात स्वस्त देखभाल आहे. ऑटोमॅटिक गाडीत आधी पायाचा ब्रेक दाबून ठेवून पार्किंग ब्रेक लावावा आणि मग ‘पी’ निवडावे, म्हणजे गाडीचा भार गिअरबॉक्समधील छोट्या अडसरावर न येता शूवर येतो.

चाक न काढता करावयाची तपासणी

पहिली पायरी म्हणजे खाचा मोजणे. दांडी पूर्ण खाली ठेवून, नेहमीच्या जोराने, बटण न दाबता वर ओढावी आणि किती खाचांत ती घट्ट होते हे पाहावे. योग्य संख्या प्रत्येक गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते व ती गाडीगणिक बदलते, म्हणून शेजारच्या गाडीशी तुलना करू नये. त्यानंतर मोकळ्या जागी, सौम्य उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, दांडी ओढून, पेडलवरचा पाय अगदी हळूहळू उचलावा आणि तो पेडलच्या जवळच ठेवावा. गाडी लगेच न सरकता काही क्षणांनी सरकू लागली, तरी ब्रेक नापासच समजावा.

डॅशबोर्डवरचा लाल दिवा दांडी खाली केल्यावरही पेटून राहत असेल, तर तो लगेच पार्किंग ब्रेकचा दोष मानू नये. बऱ्याच गाड्यांत ब्रेक ऑइलची पातळी कमी झाल्यावरही तोच दिवा लागतो, म्हणून प्रथम ऑइलची टाकी पाहावी. याउलट थोडे अंतर चालवल्यावर एका मागच्या चाकाची रिम दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम वाटत असेल किंवा जळका वास येत असेल, तर त्या चाकात ब्रेक घासत आहे असे समजण्यास हरकत नाही. रिमला थेट हात लावण्याऐवजी तळहात तिच्याजवळ धरून उष्णता पाहावी.

चाक उघडताना

हे काम दांडी खाली करूनच करावे लागते, म्हणजे गाडी धरून ठेवणारी मुख्य गोष्टच आपण सोडून दिलेली असते. त्यामुळे जागा पक्की व सपाट असावी, दोन्ही पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, आणि जॅकने गाडी उचलल्यावर ती मजबूत स्टँडवर टेकवूनच काम सुरू करावे. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात घालू नये. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकच्या काही गाड्यांत मोटर केबल ओढते आणि केबल आतले शू चालवते. तेथे स्कॅनर लावून यंत्रणा सर्व्हिस स्थितीत नेल्याशिवाय काहीही उघडू नये.

आतली धूळ हा स्वतंत्र धोका आहे. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे आणि आजच्या लायनरची बारीक धूळही फुप्फुसात गेलेली चांगली नाही. हवेच्या पाइपने ती उडवू नये आणि कोरड्या ब्रशने झाडूही नये. ब्रेक क्लीनरने ओली करून, खाली भांडे ठेवून ती वाहून जाऊ द्यावी आणि मास्क लावावा.

डिस्कच्या गाडीत आधी कॅलिपर व त्याचा कंस काढावा लागतो. सुटलेला कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळू न देता तारेने स्प्रिंगला किंवा जवळच्या पक्क्या भागाला टांगून ठेवावा. मग डिस्क धरून ठेवणारा छोटा स्क्रू असल्यास तो काढावा. डिस्क किंवा ड्रम तरीही निघत नसेल, तर बहुधा झिजेमुळे ड्रमच्या काठाशी एक उंच कडा तयार झालेली असते आणि शू तिच्यामागे अडकतात. अशा वेळी बॅकिंग प्लेटच्या किंवा डिस्कच्या भोकातून, रबरी बूच काढून, स्क्रू ड्रायव्हरने अ‍ॅडजस्टरचे दात फिरवून शू आत घ्यावेत. हबवर गंजाने चिकटलेली डिस्क सोडवण्यासाठी तिच्यावर बहुतेक वेळा दोन आटे पाडलेली भोके ठेवलेली असतात; त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने आवळले की डिस्क सरळ पुढे येते. हातोड्याने कडेवर ठोकत बसण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी बरी. डिस्क किंवा ड्रम काढलेला असताना कोणीही ब्रेक पेडल दाबणार नाही याची काळजी घ्यावी, नाहीतर पिस्टन बाहेर येऊन काम दुपटीने वाढते.

एका वेळी एकच बाजू उघडावी आणि सुटे करण्यापूर्वी तिचे फोटो काढावेत. कोणती स्प्रिंग कोणत्या भोकात होती, तिचा लांब हूक कोणत्या बाजूला होता, हे पुढे अंदाजाने ठरवण्यासारखे नसते, आणि गोंधळ झालाच तर दुसरे न उघडलेले चाक आरशातल्या प्रतिमेसारखा नमुना म्हणून उपयोगी पडते. ताणलेल्या स्प्रिंग सुटताना उडतात, त्यामुळे चष्मा आवश्यक आहे. शू दाबून धरणाऱ्या छोट्या स्प्रिंगची खिळी मागून बोटाने धरून, पुढची टोपी पक्कडीने दाबून पाव वळसा फिरवली की ती सुटते.

काय पाहावे

लायनरची जाडी सर्वांत पातळ जागी मोजावी. छोट्या शूंसाठी अनेक उत्पादक १ ते १.५ मिलिमीटर ही किमान मर्यादा देतात, पण आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेतूनच घ्यावा. लायनर रिव्हेटने बसवलेले असेल तर जाडी रिव्हेटच्या डोक्यापासून वर मोजतात. जाडी पुरेशी असली म्हणजे शू चांगला, असे मात्र नाही. लायनर आणि लोखंड यांच्या सांध्यावर सगळीकडून नजर फिरवावी आणि पातळ पात्याचे टोक हलकेच लावून पाहावे. पाते कोठे आत शिरले किंवा सांध्यातून तपकिरी गंजाची रेघ बाहेर आलेली दिसली, तर जाडी नव्या शूइतकी असूनही तो शू बाद होतो. पृष्ठभाग काचेसारखा चकाकत असेल आणि अन्य दोष नसेल, तर तो पॉलिश पेपरने हलके घासून पुन्हा खरबरीत करता येतो. तेल किंवा ग्रीस मुरलेला शू घासून किंवा धुऊन सुधारत नाही. तो बदलावाच लागतो, आणि त्याआधी ते तेल व्हील सिलिंडरमधून आले की अ‍ॅक्सलच्या सीलमधून, हे शोधून गळती बंद करावी लागते. शू नेहमी दोन्ही चाकांचे एकत्र बदलतात. एकाच बाजूचे बदलल्यास दोन चाकांची पकड वेगवेगळी राहते.

ड्रमच्या आतील भिंतीवरचा सुटा गंज पेपरने काढावा. खोल चरे, तडे किंवा उष्णतेने आलेले निळसर डाग दिसल्यास ड्रम बदलण्याचा किंवा खरादावर तपासून घेण्याचा विचार करावा. जास्तीत जास्त किती व्यास चालेल तो आकडा सहसा ड्रमवर किंवा डिस्कवरच कोरलेला असतो.

बॅकिंग प्लेटवर शू ज्यांवर सरकतात अशा काही उंच जागा असतात, आणि याच जागांकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. वर्षानुवर्षांच्या हालचालीने त्यांवर खाचा पडल्या की शूची कड त्या खाचेत अडकते, शू तिरका राहतो आणि दांडी सोडल्यावर पुरता परत येत नाही. नवे शू घालूनही चाक घासत राहिले, तर पहिला संशय येथे घ्यावा. या जागा स्वच्छ करून त्यांवर उष्णता सोसणाऱ्या ब्रेकच्या खास ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा. जास्तीचे ग्रीस गरम होऊन लायनरवर जाते.

काढलेल्या परतीच्या स्प्रिंगचे वेटोळे एकमेकांना चिकटलेले असले पाहिजेत. त्यांत फट दिसली, तर स्प्रिंग ताणली गेली आहे. अ‍ॅडजस्टर पूर्ण उघडून, आटे तारेच्या ब्रशने साफ करून, ग्रीस लावून बोटांनी सहज फिरेल इतका मोकळा करावा. बऱ्याच गाड्यांत डाव्या व उजव्या चाकांच्या अ‍ॅडजस्टरचे आटे उलट दिशांचे असतात, म्हणून ते एकमेकांच्या जागी जाऊ देऊ नयेत. शेवटी केबल आतून हाताने ओढून सोडावी. ती आपोआप झटकन परत गेली नाही तर बदलावी. आत प्लास्टिकचे अस्तर असलेल्या आधुनिक केबलमध्ये तेल ओतल्याने ती काही दिवस सुटते, पण आवरण फाटून पाणी शिरण्याचा मूळ दोष कायम राहतो.

जुळणी

शू परत बसवण्यापूर्वीच दांडीजवळचा नट इतका सैल करावा की केबलमध्ये ढील पडेल आणि चाकातील तरफ आपल्या अडणीवर पूर्ण टेकेल. ही पायरी वगळली तर पुढची सगळी मापे खोटी ठरतात. अ‍ॅडजस्टर कोणत्या दिशेला फिरवल्यावर शू पसरतात हे ड्रम चढवण्याआधी डोळ्यांनी पाहून ठेवावे, कारण नंतर भोकातून काम करताना दिशा ओळखणे अवघड जाते.

ड्रम किंवा डिस्क बसवून, ती हबवर सपाट राहावी म्हणून दोन-तीन व्हील नट लावून घट्ट करावेत. मग भोकातून अ‍ॅडजस्टर एकेक दात पुढे नेत, चाक हाताने फिरेनासे होईपर्यंत शू पसरवावेत. येथे थांबून दांडी दोन-तीनदा ओढून सोडावी, म्हणजे शू ड्रमच्या मध्याशी नीट बसतात; चाक पुन्हा फिरू लागले तर आणखी एखादा दात आवळावा. यानंतर अ‍ॅडजस्टर पुस्तिकेत सांगितलेले दात मागे घ्यावा. चाक मोकळे फिरले पाहिजे. फार तर कागद सरकल्यासारखा अगदी पुसट आवाज येत असला तर चालतो, पण हाताला अडथळा जाणवता कामा नये. दोन्ही चाकांत दात सारखेच मागे घ्यावेत. मागे ड्रम असलेल्या ज्या गाड्यांत जुळणी आपोआप होते, तेथेही सुरुवातीचे अंतर असेच हाताने ठरवून द्यावे, उरलेले यंत्रणा साधते.

आता केबलची पाळी. दांडीजवळचा नट थोडा थोडा आवळत, नेहमीच्या जोराने ओढलेली दांडी पुस्तिकेतील खाचांच्या संख्येवर घट्ट होईल असे करावे. प्रत्येक वेळी दांडी पूर्ण खाली आणून दोन्ही चाके हाताने फिरवून पाहावीत. आडवी पट्टी जवळपास सरळ राहिली पाहिजे; ती एका बाजूला कलली असेल तर त्या दोन केबलपैकी एक अडकत आहे किंवा दोन चाकांची जुळणी सारखी नाही. शेवटी लॉक नट आवळावा, भोकांची रबरी बुचे परत लावावीत, कॅलिपरचे बोल्ट आणि चाकांचे नट ठरलेल्या टॉर्कने आवळावेत, आणि गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत काही वेळा दाबावे.

नवे शू बसवून घेणे

नव्या लायनरचा गोलावा ड्रमच्या भिंतीशी सुरुवातीला तंतोतंत जुळत नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी पकड कमी वाटते. पुष्कळ उत्पादक यासाठी कमी वेगाने गाडी चालवत, बटण दाबून धरून, दांडी हलकेच ओढून काही शे मीटर जाण्यास सांगतात व नंतर थंड होऊ देण्यास सांगतात. वेग व अंतर पुस्तिकेनुसारच ठेवावे. हे काम कोरड्या, रिकाम्या, सरळ रस्त्यावर करावे. दांडी ओढल्यावर बहुतेक गाड्यांचे मागचे ब्रेक दिवे लागत नाहीत, म्हणून मागून येणाऱ्याला आपण मंद होत असल्याचे कळत नाही. आणि मागची चाके जाम झाली तर गाडी आडवी होऊ शकते, म्हणून बटणावरचा अंगठा क्षणभरही उचलू नये. नंतर खाचा पुन्हा मोजाव्यात. एखादी खाच वाढलेली असेल तर पुन्हा आधी अ‍ॅडजस्टरकडेच जावे.

चिकटलेला ब्रेक

धुतलेली किंवा पावसात भिजलेली गाडी दांडी ओढून बरेच दिवस उभी ठेवली, तर लायनर गंजाने ड्रमला चिकटते. म्हणून लांब काळासाठी गाडी ठेवताना सपाट जागा निवडावी, ती गिअरमध्ये ठेवावी, चाकांना ठोकळे लावावेत आणि दांडी खालीच राहू द्यावी. त्याआधी थोडे अंतर हलक्या ब्रेकने चालवून डिस्क व ड्रम वाळवून घेतल्यास आणखी चांगले.

तरीही ब्रेक चिकटलाच, तर जोरात रेस देऊन गाडी उपटण्याचा मोह टाळावा. तशाने चाक सुटते, पण बरेचदा लायनर ड्रमला चिकटून राहते आणि शूचे नुसते लोखंड मागे उरते. दांडी काही वेळा ओढून सोडावी, गाडी पहिल्या व रिव्हर्स गिअरमध्ये आळीपाळीने अगदी हलके मागेपुढे रेटावी आणि तेवढ्याने भागले नाही तर चाक काढून ड्रमच्या मधल्या भागावर रबरी हातोड्याने फिरत्या जागी टिचक्या माराव्यात. सुटताना टक असा आवाज येऊन चाक नंतर मोकळे फिरले, तर फार बिघडलेले नसते. फिरताना आतून काही घरंगळल्याचा आवाज आला, तर ड्रम उघडून पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये.